अख्तरचे राहिलेले रोजे

५ जानेवारी १९९७, रविवार

गोणपाटवाल्याने दरवर्षीसारखी यंदाही डायरी दिली. दरवर्षी तिची पहिली चार-पाच पानं कांद्याच्या भावाने भरतात आणि पुढे सगळी कोरी. यंदा ठरवलंय, भावाचं अक्षर लिहायचं नाही. त्याबद्दल बोलायला वाशीचं अख्खं मार्केट आहे. घरातलं बोलायला मात्र कुणी नाही, कारण घरात बोलायचं ते अख्तरशी आणि काळजी आहे तीही अख्तरचीच.

अख्तरुन्निसा म्हणजे माझी बायको. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या छातीत जळजळतंय. रात्री झोपेत आंबट पाणी घशाशी येतं, ठसका लागून ती उठून बसते. जिरं झालं, ओवा झाला, थंड दूध झालं, खायचा सोडा झाला. वर गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या, त्याही आडवं पडल्या पडल्या, कोरड्या गिळायच्या. हल्ली भाकरीचा घास छातीत अडकतो. ती छातीवर थापट्या मारते, पाणी पिते आणि मी म्हणतो, "बकाबका खातेस म्हणून." मोठा शहाणा मी.

तिच्या आईचं असंच झालं होतं. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. उरणच्या घरात सासूबाईंना आधी भाकरी अडकायची, मग भात, मग पाणीसुद्धा. त्या घरात शेवटपर्यंत रोगाचं नाव कुणी घेतलं नाही. सासूबाईंना सांगायचे, "काही नाही, उष्णता आहे." अख्तरलाही तेच सांगितलं. मयत निघाली तेव्हा तिला कळलं.

शुक्रवारी दुर्बीण घालून आत पाहिलं. बारीकसा तुकडा तपासायला काढलाय. मंगळवारी रिपोर्ट. अख्तर त्याबद्दल एक शब्द बोलत नाही, मीही बोलत नाही. दोघं शेजारी बसून टीव्ही बघतो.

७ जानेवारी, मंगळवार

अल्लाचे लाख शुक्र. रिपोर्ट चांगला आला.

डॉ. संध्या वर्तक बाई चांगल्या आहेत, कागदावर चित्र काढून समजावतात. घसा, त्याखाली अन्ननलिका, त्याखाली पोट. मधली झडप सैल झाली की पोटातलं ॲसिड वर चढतं. पोटाला ते सोसतं, अन्ननलिकेच्या अस्तराला सोसत नाही, ते भाजून निघतं. अख्तरला म्हणाल्या, "रिपोर्ट ठीक आहे, आता पथ्य सांभाळायचं." मग नर्स तिला वजन करायला घेऊन गेली आणि बाई मला म्हणाल्या, "तुम्ही जरा थांबा."

मी थांबलो. टेबलाची कड धरून ठेवली होती हे इथे लिहायला हरकत नाही. बाई म्हणाल्या, "कॅन्सर नाहीये. पण जखमा बऱ्याच आहेत. वर्षानुवर्षं असंच भाजत राहिलं तर पुढचं सांगता येत नाही. आता जपलंत तर अस्तर नवं येईल, पूर्ण बऱ्या होतील. फार घाबरल्यात त्या. बोला त्यांच्याशी."

बाहेर आलो. अख्तर बाकावर बसली होती. "काय बोलल्या?" मी म्हटलं, "काय नाय. गोळ्या वेळेवर द्या म्हणाल्या." तो रोगाचा शब्द मी घरात आणणार नाही. नाही म्हणायला का होईना, नाव घेतलं की घर बघून जातं.

पथ्य असं: सकाळी उठल्याबरोबर कॅप्सूल, अर्ध्या तासाने खाणं. ते पांढरं घट्ट औषध जेवणाआधी, ते म्हणे जखमेवर लेप धरतं. थोडं थोडं खायचं, पोट रिकामं ठेवायचं नाही. तळलेलं, आंबट, तिखट, चहा बंद. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. पलंगाची डोक्याकडची बाजू वर उचलायची. गुडघ्याच्या गोळ्या बंद. आणि यंदा रमजानचे रोजे नाहीत. एवढं ऐकून अख्तरने मान खाली घातली.

९ जानेवारी, गुरुवार

नेरूळमध्ये विटांना काय तोटा? बाजूच्या बांधकामावरून मागून आणल्या आणि पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर चढवले. डोकं वर राहिलं की ॲसिड उतारावरून खाली राहतं, हिशोब सोपा. फक्त उतारावरून माणसंही खाली येतात हे बाईंनी सांगितलं नव्हतं. सकाळी उठलो तर दोघंही पायथ्याशी, गुडघे पोटाशी घेऊन.

अख्तर खूप दिवसांनी हसली. म्हणाली, "तुमी खाली गादी घाला की. माझ्यापायी तुमी का घसरता?"

म्हटलं, "निकाह केलाय. घसरलो तर दोघं घसरू."

तिला अस्तराचं माझ्या भाषेत समजावलं. कांद्याची वरची साल शाबूत असेल तर कांदा महिनोन् महिने टिकतो. साल सोलून निघाली की चार दिवसांत नासतो. तेव्हा साल जपायची, बस. ती म्हणाली, "आणि आत आधीच नासला असेल तर?" म्हटलं, "असा कांदा मी हातात धरला की ओळखतो." त्यावर ती माझ्याकडे बघत राहिली.

११ जानेवारी, शनिवार

पहिला रोजा. काल चांद दिसला तेव्हा सगळी बिल्डिंग गच्चीत होती आणि अख्तर स्वयंपाकघरात. पहाटे सहरीच्या जेवणाला माझ्यासाठी उठली. मी झोप म्हटलं तर म्हणाली, "एवढं तरी करू द्या." मी जेवताना समोर बसून होती. डोळ्यांतून पाणी. न्हाण आल्यापासून तिने रमजान असा बसून काढलेला नाही, बाळंतपणाचं सोडलं तर. आणि तेव्हाचे राहिलेले रोजेसुद्धा तिने पुढे फेडले होते.

मला हे बघवत नाही. काहीतरी करायला पाहिजे.

१५ जानेवारी, बुधवार

आज मी एक चांगलं काम केलं आणि ते मला एकट्याला सुचलं, म्हणून लिहून ठेवतो.

आमच्या अम्मीला शेवटच्या दोन रमजानांत रोजे झेपत नव्हते. तेव्हा आम्ही तिच्या नावाने फिदिया द्यायचो, म्हणजे प्रत्येक रोज्याच्या बदल्यात एका गरिबाचं जेवण. आज मार्केटमधून येताना दाणाबंदरातून तांदूळ घेतला, अख्ख्या महिन्याचा, आणि तळोज्याला हमीदाबीकडे पोचवला. बिचारी विधवा आहे, पोरं लहान. म्हणाली, "कुणाच्या नावाचा?" म्हटलं, "आमच्या घरच्यांच्या." तिने हात वर करून दुवा दिली.

संध्याकाळी रोजा सोडताना, इफ्तारला, अख्तरला सांगितलं. मला वाटलं तिच्या छातीवरचं ओझं उतरेल. आता रडायचं कारण नाही, तुझे सगळे रोजे मी उतरवून टाकले, म्हटलं.

तिच्या हातातला पेला तसाच राहिला. "फिदिया दिलात?"

"दिला. पूर्ण महिन्याचा."

तिने पेला खाली ठेवला. मग विचारलं, "त्या दिवशी मला वजनाला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तुमाला थांबवलं होतं. काय बोलल्या?"

"सांगितलं ना. काय नाय. गोळ्या वेळेवर द्या म्हणाल्या."

"बरं," ती म्हणाली. मग उठून माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आमच्या पोरीच्या, नूरीनच्या डोक्यावरून फिरवते तसा. लग्नाला तीस वर्षं होत आली, असा कधी फिरवला नव्हता. पुण्याचं काम वाया जात नाही ते असं.

१९ जानेवारी, रविवार

अख्तर मला स्वयंपाक शिकवते आहे! डॉक्टरांनी आराम सांगितलाय तो तिने शेवटी मनावर घेतला म्हणायचा. आज तांदळाची भाकरी. उकड मळताना हात भाजले, भाकरीला उरणच्या किनाऱ्यासारखे बाक आले. ती स्टुलावर बसून हुकूम सोडत होती. "पाणी लावा. अजून. आता फिरवा. तुमी गोणी उचलत नाय, भाकरी उचलताय."

पेज जमली. मुगाची खिचडी जमली. माशाचं कालवणही शिकलो. नंतर तिने कपाटं दाखवली. वर्षाचा तांदूळ कशात ठेवायचा, त्याला कीड लागू नये म्हणून काय घालायचं, गोधड्या कुठे, ईदच्या चादरी कुठे, गॅसवाल्याचा नंबर कुठे. मी म्हटलं, "एवढं कशाला? तू आहेस की." म्हणाली, "शिकून ठेवलेलं वाया जात नाय. पोरीच्या सासरी भाकरी मोडायला जाऊन बसाल, ते मला नको."

मी हसलो. मला बघून कुणी म्हणेल का, की हा माणूस पोरीच्या सासरी जाऊन बसेल?

२३ जानेवारी, गुरुवार

माझी खिचडी यशस्वी झाली आहे. पहाटे निघण्याआधी तिच्या दुपारसाठी करून झाकून ठेवतो आणि संध्याकाळी पातेलं लख्ख घासलेलं असतं. आज भांडीवाल्या शेवंताबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ, खिचडी झ्याक असती, पण मीठ जरा कमी घालत जा." आता खिचडी अख्तरची आणि मीठ शेवंताबाईंना कसं कळलं? अख्तरने तक्रार केली असणार. बायका आपापसात सगळं बोलतात.

अख्तरचं वागणं मात्र फार अदबीचं झालंय. इफ्तारला तीही माझ्याबरोबर बसते आणि अजान होईपर्यंत खजुराला हात लावत नाही, जणू तिचाच रोजा आहे. मी म्हटलं, "तू खा ग, तुला सूट आहे." म्हणाली, "राहू दे. बरोबर खाऊ." सहरीलाही हल्ली माझ्याबरोबर चार घास खाते. मी मार्केटला निघालो की जरा पडते म्हणाली.

२६ जानेवारी, रविवार

नूरीन आली होती उरणहून, जावई आमिरही होता. अख्तरने तिला आत बोलावून स्वतःच्या सोन्याच्या बांगड्या दिल्या. नूरीन बाहेर आली ती गप्प. मी विचारलं तर अख्तरच म्हणाली, "माझ्या हातातून निसटतात आता." खरं आहे, हात बारीक झालेत. पथ्याच्या खाण्याने वजन उतरणारच. पण कॅप्सूल घेऊनही रात्रीचा ठसका वाढलाय. मी विटांवर आणखी एकेक वीट चढवली.

२९ जानेवारी, बुधवार

आज गाळ्यावर मन लागलं नाही. कारण नाही. उगाच.

३१ जानेवारी, शुक्रवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

जुम्म्याची नमाज उरकून घरी आलो तर दार उघडं. अख्तर मोरीत बसलेली, भिंतीला टेकून. उलटी झाली होती आणि उलटीत रक्ताची रेघ. शेवंताबाई तिची पाठ चोळत होत्या आणि रडत होत्या. "भाऊ, मला शपथ घातली होती हो बाईंनी. दिवसाचं काय खात न्हाईत त्या. तुमची खिचडी मलाच देतात. मी म्हनलं, बाई, तुमी आजारी, उपाशी नका ऱ्हाऊ. तर म्हनल्या, कुनाला बोलू नका."

रोजे. ती रोजे धरत होती. माझ्यासमोर, माझ्या सहरीतले चार घास खाऊन. कॅप्सूल घ्यायची ती संध्याकाळी, इफ्तारची भजी पोटात गेल्यावर. पांढरं औषध जेवणाआधी घ्यायचं, तर जेवणच कुठे होतं! सहरी झाली की लगेच आडवी. दिवसभर रिकाम्या पोटात ॲसिड आणि मी पलंगाखाली विटा रचतोय.

रिक्षात घालून वर्तकबाईंकडे नेलं. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. रक्त थोडंच आहे म्हणाल्या, जुनी जखम पुन्हा भाजली. माझ्याकडे नुसतं बघितलं. अख्तरला मात्र हात धरून सरळ सांगितलं, "तुम्हाला कॅन्सर नाहीये. ऐकताय ना? पण अशा वागलात तर मी काय करू?" अख्तर त्यांना म्हणाली, "मेहरबानी हो बाई." एवढंच.

नूरीनला फोन केला. ती आली आणि आईजवळ बसली. मग मला बाहेर ओढून घेऊन गेली. माझी पोर माझ्यावर आवाज चढवून कधी बोलली नव्हती.

"अब्बा, अम्मीच्या नावाचा फिदिया दिलात तुमी?"

"दिला. तिचं मन हलकं व्हावं म्हणून."

"फिदिया कुणाचा देतात ते माहीत हाय तुमाला? जो बरा होणार असतो त्याला रोजे नंतर धरायचे असतात, कझा करायचे असतात. फिदिया त्याचा देतात, जो आता बरा होणारच नाय. दादीचा दिला तो तशासाठी दिला. अम्मी मला काय बोलली माहीत हाय? बोलली, तुझ्या अब्बांना डॉक्टरीणबाईंनी खरं सांगितलंय, त्यांच्या तोंडून निघत नाय, पण त्यांनी माझा फिदिया देऊन टाकला."

दवाखान्याच्या जिन्यात मी मटकन खाली बसलो. गेलो एक करायला आणि झालं भलतंच. तिला वाटलं हा तिचा शेवटचा रमजान. म्हणून रोजे, म्हणून बांगड्या, म्हणून ती भाकरी. मी हसत हसत उकड मळत होतो आणि ती मला तिच्यामागे जगायला शिकवत होती. या अल्ला.

१ फेब्रुवारी, शनिवार

घरी आणलं. तिच्या पलंगाशी बसलो आणि तो शब्द माझ्या तोंडाने उच्चारला. "अख्तर, तुला कॅन्सर नाही. त्या दिवशी बाईंनी मला हेच सांगितलं. मला ते नाव घ्यायची भीती वाटली. तुझ्यापेक्षा मला जास्त भीती वाटत होती. फिदिया मी अडाणीपणाने दिला. मला ठाऊकच नव्हतं."

तिने सगळं ऐकून घेतलं. माझा हात हातात घेतला. म्हणाली, "अम्मीलापण असंच सांगायचे सगळे. डॉक्टरपण सांगायचे. मीच तिला सांगायचे, काय नाय अम्मी, उष्णता हाय. माझ्या तोंडाकडे बघून ती पण हसायची. तुमी त्रास करून घेऊ नका. मला राग नाय तुमचा."

मी कुराणावर हात ठेवायला निघालो तर तिने थांबवलं. "नको. माझ्यापायी गुन्हा नको तुमच्या माथी."

आता काय करावं? खरं बोललो तेही प्रेमाने मारलेली थाप ठरतंय. आणि मनातून ती निघालीच आहे. औषध घेते, पण माझ्या समाधानासाठी. पेजेचे दोन घास घेते आणि बोटाने भांडं बाजूला सारते. जगायचंच नाही म्हटल्यावर अस्तर कसलं भरतंय?

३ फेब्रुवारी, सोमवार

आज गाळा उघडला नाही. सकाळी इमामसाहेबांकडे गेलो आणि सगळी हकीकत जशीच्या तशी सांगितली, माझा गाढवपणा धरून. इमामसाहेब श्रीवर्धनचे, म्हातारे, तापट. आधी मलाच फैलावर घेतलं. "धर्माचा मसला, नियम माहीत नव्हता तर विचारायचं नाय? एवढी मोठी मशीद बांधलीय ती कशाला?" मग टोपी घातली आणि म्हणाले, "चला."

घरी येऊन ते दिवाणखान्यात बसले. अख्तर ओढणी सावरून दाराशी खुर्चीवर. इमामसाहेब म्हणाले, "बेटी, तुझ्यावर फिदिया हाय की कझा, हे मी नवऱ्याच्या बोलण्यावरून ठरवणार नाय. डॉक्टरला विचारून ठरवणार. तुझी इजाजत हाय?" तिने मान हलवली. मग त्यांनी आमच्याच फोनवरून वर्तकबाईंना फोन लावला. मोठमोठ्याने विचारलं, फोनवर सगळेच म्हातारे विचारतात तसं. "बाई, मी मशिदीचा इमाम. मला धर्माचा फैसला द्यायचाय, म्हणून विचारतो. ही बाई बरी होणार की नाय? पुढे रोजे धरू शकेल की नाय? ... हां. ... हां. कधीपासून? ... जखम भरल्यावर, तुमी बघून सांगणार. ... बरं बरं. शुक्रिया."

फोन ठेवला. अख्तरकडे वळले. "बेटी, तुझ्या शोहरने तांदूळ दिला तो सदका झाला, दान झालं, त्याचं सवाब, त्याचं पुण्य त्याला मिळेल. तुझ्या रोज्यांशी त्याचा संबंध नाय. तू बरी होणार, म्हणून फिदिया तुला चालत नाय. या महिन्यात जे राहिले ते सगळे रोजे तुझ्यावर कझा हाईत. डॉक्टर सांगेल तेव्हा धरायचे. आणि आता आजारात लपून धरशील तर गुन्हा."

अख्तर खुर्चीत पुढे सरकली. "सगळे?"

"सगळे."

"म्हणजे मला ते धरावेच लागतील?"

"माझ्या सांगण्यावरून तुझा एक रोजा बुडाला तर कयामतला जबाब मला द्यायचाय," इमामसाहेब म्हणाले. "या वयात मी तुझ्यासाठी दोजखाच्या आगीत जाणार नाय."

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. ओढणीत तोंड घालून, खांदे गदागदा हलवत, नूरीनच्या जन्मानंतर रडली होती तशी. इमामसाहेब गडबडून उठले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडून परत आलो तर ती भर दुपारी, भर रमजानात, ओट्याशी पेजेचं पातेलं उघडत होती. आधी पांढरं औषध घेतलं. मग बसून अख्खी वाटी खाल्ली. मी समोर बसलो होतो, रोज्याने घसा सुकलेला, आणि आयुष्यात एवढं चांगलं जेवण मी पाहिलेलं नाही.

म्हणाली, "मीठ जास्त पडतंय तुमच्याकडून."

११ फेब्रुवारी, मंगळवार

ईद झाली. नूरीन बांगड्या परत घेऊन आली होती. अख्तर म्हणाली, "ठेव तुझ्याकडे. पण मी मागितल्या की द्यायच्या." सांदणं मी वाफवली. पाहुण्यांनी तोंडावर चांगली म्हटली. बहुतेक ईद होती म्हणून.

आम्ही दोघं अजूनही रोज पायथ्याशी उठतो.

४ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा दुर्बीण. या वेळी मी बाहेर बसलो नाही, बाईंना म्हटलं, मला आत येऊ द्या. पडद्यावर दिसलं. जानेवारीत कसं होतं ते बाईंनी फोटोवर दाखवलं, लाल, सोललेलं, मध्येमध्ये पांढरे डाग. आज गुलाबी, ओलसर, वरपासून खालपर्यंत सलग. बाई म्हणाल्या, "बघा, अस्तर नवं आलंय." माणसाच्या आत एवढं सुंदर काही असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण झडप सैल ती सैलच. पथ्य, विटा, जेवून न निजणं, हे आता कायमचं. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. बाई अख्तरला काही सांगायला लागल्या आणि सवयीने माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "तिलाच सांगा. ती मला सांगेल." अख्तरने त्यांना सरळ विचारलं, "पुढे काय होऊ शकतं? सगळं बोला." बाईंनी सगळं सांगितलं. दर वर्षा-दोन वर्षांनी बघत राहायचं. ती न घाबरता ऐकत होती. घाबरलो मी, पण बसून राहिलो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

डायरी बरीच कोरी गेली. चांगलं आहे. कोरी पानं म्हणजे बरे दिवस.

बाईंनी परवानगी दिली. आठवड्यातून एकच रोजा. सहरीच्या अर्धा तास आधी कॅप्सूल, सहरी हलकी, त्यानंतर उजाडेपर्यंत बसून राहायचं. इफ्तारला तळलेलं काही नाही. छातीत जळलं तर रोजा तिथेच सोडायचा, हे इमामसाहेबांनीही बजावलंय. पुढच्या रमजानच्या आत सगळे होणार नाहीत, तर उरलेले त्यानंतर. आजाऱ्याला सवड आहे म्हणाले.

आज पहिला होता. मीही धरला. अख्तर म्हणाली, "तुमच्यावर कुठला राहिलाय?"

म्हटलं, "जानेवारीत तू माझ्यासमोर उपाशी राहिलीस आणि मला कळलं नाही. त्याचा."

तिने माझा पेला पाण्याने भरला. सहरीनंतर दोघं गॅलरीत खुर्च्या टाकून बसलो. तिला डुलकी यायला लागली की मी हलवायचो, मला आली की ती. दिवसभरात पाच वेळा गाळ्यावरून फोन केला. पाचव्यांदा म्हणाली, "कांदे विका हो."

इफ्तारला खजूर, पाणी आणि माझी पेज. अजान झाली, तिने खजूर तोंडात घातला. मी तिच्या गळ्याकडे बघत होतो.

"जळतंय?"

"नाय."

"अडकलं काय?"

"नाय हो. खाऊ द्या की."

निवांत खात होती. मी व्यापारी माणूस, मला हिशोब लांबलेला आवडत नाही. म्हटलं, "एवढं चांगलं झेपतंय तर बाईंना विचारू काय? आठवड्याला दोन धरलेस तर लवकर उरकतील."

वाटीतून मान वर न करता ती म्हणाली, "घाई काय हाय? होतील सावकाश. या वर्षी नाय तर पुढच्या वर्षी."

मी आणखी पेज आणायला म्हणून आत गेलो. ओट्याशी उभा राहून पोटभर रडलो, तोंड धुतलं आणि तिला वाढायला बाहेर आलो.